आपापल्या दमाने

मराठी संसारात ‘जोडीने’ या शब्दाला जे वजन आहे, ते ‘एकत्र’ या शब्दाला नाही. एसटीतले प्रवासी एकत्र असतात, रेशनच्या रांगेतली माणसेही एकत्र असतात. जोडीने मात्र नवरा-बायकोच येतात, जोडीने पूजेला बसतात, जोडीने वाकून थोरामोठ्यांना नमस्कार करतात आणि लग्नकार्याच्या आमंत्रणात त्यांनी जोडीनेच यावे असा आग्रह धरला जातो. या शब्दामागची कल्पना नेमकी काय आहे, हे सत्यनारायणाच्या पूजेत सर्वांत स्पष्ट दिसते. कद नेसलेला यजमान पाटावर बसून पळीने पाणी सोडतो, अक्षता वाहतो, गुरुजी सांगतील तसा संकल्प उच्चारतो, आणि त्याच्या उजवीकडे बसलेली पत्नी आपल्या उजव्या हाताची बोटे त्याच्या हाताला टेकवून ठेवते; ‘हाताला हात लावा’ ही गुरुजींची सूचना तिच्यासाठी असते आणि एवढ्या स्पर्शाने त्या कर्मातला तिचा वाटा पूर्ण झाला असे मानले जाते. एकाने करायचे आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा, ही जोडीने करण्याची रूढ रीत पूजेपुरती राहत नाही, तर ती हळूहळू सबंध संसाराची रीत होते. बँक, विमा आणि गाडीचे सर्व्हिसिंग एकाने पाहायचे, सणवार, आहेर आणि औषधांच्या वेळा दुसऱ्याने लक्षात ठेवायच्या, आणि दोन्हींचे पुण्य दोघांच्या नावावर जमा व्हायचे, असा हा व्यवहार असतो.

पंचवीस-तीस वर्षे या व्यवहारात मुरलेले जोडपे पन्नाशीच्या आसपास धावण्याचा निश्चय करते, तेव्हा त्याला पहिल्याच सकाळी अडचण येते ती गुडघ्यांची नव्हे, तर या रीतीची. धावण्यात हाताला हात लावून भागत नाही. पतीने तुडवलेल्या किलोमीटरांचा लाभ पत्नीच्या रक्तदाबाला होत नाही आणि पत्नीच्या घामाने पतीची साखर उतरत नाही. विवाहविधीत याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे सप्तपदी, कारण ती सात पावले दोघांनाही आपापल्या पायांनीच टाकावी लागतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहात सप्तपदीचा विधी असतो तो विवाह सातवे पाऊल टाकले जाताच पूर्ण आणि बंधनकारक होतो. आठव्या पावलापासून पुढे कोणी कोणाच्या चालीने चालायचे, याविषयी कायदा काहीही सांगत नाही.

चालण्याच्या बाबतीत बहुतेक जोडप्यांनी हा प्रश्न आपसांत मिटवलेला असतो. पुण्याच्या तळजाईवर, कोल्हापूरच्या रंकाळ्याभोवती, दादरच्या शिवाजी पार्कवर किंवा नागपूरच्या फुटाळ्यावर सकाळी सहाच्या सुमारास पाहिले, तर ‘वॉक’ला आलेली जोडपी दोन प्रकारची दिसतात: शेजारी शेजारी चालत कामवाल्या बाईच्या दांड्यांपासून मुलाच्या स्थळांपर्यंत सर्व विषय उरकणारी, आणि चार पावलांचे अंतर राखून, एकमेकांकडे न पाहताही एकमेकांचे भान ठेवून चालणारी. दोन्ही प्रकारांत कोणाला कष्ट पडत नाहीत, कारण चालण्याच्या वेगांतला फरक थोडा असतो आणि तो सहज सांभाळून घेता येतो. धावणे ही मात्र चालण्याची जलद आवृत्ती नव्हे. चालताना निदान एक पाऊल जमिनीवर असतेच, तर धावताना प्रत्येक टांगेत एक क्षण असा येतो की दोन्ही पावले हवेत असतात. त्यानंतर जे पाऊल टेकते त्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो, आणि तो पेलण्यासाठी लागणारा प्राणवायू फुप्फुसांना, हृदयाला आणि रक्ताला मिळून पुरवावा लागतो. या पुरवठ्याच्या कमाल मर्यादेला शरीरशास्त्रात ‘कमाल प्राणवायू-ग्रहण क्षमता’ म्हणतात. माणसाचा दम किती आहे, याचेच हे शास्त्रीय नाव होय.

ही क्षमता दोघांत सारखी नसते, आणि ती सारखी नसण्याची कारणे वेगवेगळ्या काळांतली आहेत. काही कारणे निसर्गाने दिलेली आहेत: स्त्रीचे हृदय सरासरीने लहान असते आणि तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनही कमी असते. पंडुरोग ठरवताना जागतिक आरोग्य संघटना पुरुषासाठी १३ आणि स्त्रीसाठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर ही वेगवेगळी रेषा धरते, ती याच कारणाने. जागतिक दर्जाच्या स्त्री आणि पुरुष धावपटूंच्या वेळांत साधारण दहा-बारा टक्क्यांचा फरक दिसतो, त्याच्या मुळाशी मुख्यतः हेच आहे. वयाची तिशी उलटल्यावर ही क्षमता दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटत जाते आणि नियमित व्यायामाने ती घट बरीच मंदावते. पती चार-पाच वर्षांनी मोठा असेल, तर घसरणीवर तोही पत्नीच्या चार-पाच वर्षे पुढे गेलेला असतो. परंतु सर्वसाधारण मराठी जोडप्यातील फरक या शारीरिक कारणांहून मोठा असतो, आणि त्याचा उगम बालपणात सापडतो. ज्या पिढीविषयी हे लिहिले जात आहे, त्या पिढीतला मुलगा दहावीपर्यंत शाळेच्या मैदानावर क्रिकेट आणि कबड्डी खेळला, आणि त्याच शाळेतली मुलगी सातवी-आठवीत न्हाण आल्यावर मैदानावरून घरात आली. लंगडी, खोखो आणि मंगळागौरीच्या फुगड्या एवढ्यावर तिच्या पायांचा इतिहास थांबला. त्यामुळे पन्नाशीत ती जेव्हा पुन्हा धावू लागते, तेव्हा ती मागे पडलेली नसते. तिला चाळीस वर्षांनी मैदान परत मिळालेले असते, आणि या दोहोंत फरक आहे.

फरक आकड्यांत मांडला तर त्याचे स्वरूप ध्यानात येते. धावणारे लोक वेग ताशी किलोमीटरांत मोजत नाहीत; एक किलोमीटर कापायला किती मिनिटे लागतात ते सांगतात आणि त्याला ‘पेस’ म्हणतात. समजा, एकाचा पेस सात मिनिटांचा आहे आणि दुसऱ्याचा साडेआठ मिनिटांचा. दीड मिनिटाचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पाच किलोमीटरांच्या अंतरात पहिला ३५ मिनिटांत पोचतो तेव्हा दुसरा अजून जवळजवळ पावणेनऊशे मीटर मागे असतो, म्हणजे रस्त्याला एखादे वळण असेल तर दृष्टीच्याही पलीकडे असतो. ज्या दोघांनी जोडीने धावायचे ठरवले होते, त्यांपैकी एक जण आता एकटाच उभा राहून घाम पुसत असतो आणि दुसरा एकटाच धावत असतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे जलद असणाऱ्याने मंद व्हावे. तो उदार दिसतो आणि फारसा टिकत नाही. स्वतःच्या चालीपेक्षा फारच हळू धावताना पावले आखूड पडतात, शरीराची लय बिघडते, आणि त्याहून वाईट म्हणजे बरोबरच्या माणसाला प्रत्येक पावलाला उपकाराची जाणीव होते. दुसरा उपाय म्हणजे मंद असणाऱ्याने जोर लावावा. तो पहिल्या दोन दिवसांत धापेवर आणि तिसऱ्या दिवशी पोटरीच्या गोळ्यांवर संपतो. या दोन्ही उपायांच्या मध्ये एक तिसरी आपत्ती दबा धरून असते, आणि ती म्हणजे प्रशिक्षण. ‘हात सैल सोड’, ‘खांदे पाड’, ‘श्वास नाकाने घे’, ‘आता थांबू नकोस, त्या खांबापर्यंत चल’ अशा सूचना शेजारून धावणाऱ्या पतीच्या तोंडून येऊ लागल्या, की त्या धावण्याचे भवितव्य ठरलेले असते. ज्या घरात नवऱ्याने बायकोला मोटार शिकवण्याचा प्रयत्न झालेला आहे, त्या घराला याचे अधिक स्पष्टीकरण नको. येथे दोष सूचनांच्या आशयाचा नसतो, कारण त्या बहुधा बरोबरच असतात; परंतु दुसऱ्याच्या श्वासावर देखरेख ठेवणे ही हाताला हात लावण्याचीच उलटी बाजू आहे आणि तिच्यात करणारा व पाहणारा यांची जुनी वाटणी पुन्हा शिरते.

अनुभवी जोडप्यांनी यातून काढलेली वाट साधी आहे, आणि ती गणिताच्या आधाराने उभी आहे. एकाच रस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परत यायचे असेल, तर दोघांनी ठरावीक ठिकाणी न वळता ठरावीक वेळेला वळावे. वरच्याच उदाहरणात दोघे एकाच वेळी निघाले आणि दोघांनीही वीस मिनिटे होताच पाठ फिरवली, तर पहिल्याने जाताना साधारण २.८६ किलोमीटर कापलेले असतील आणि दुसऱ्याने २.३५, परंतु परतीचा वेगही तोच राहिला, तर चाळिसाव्या मिनिटाला दोघे निघाल्या जागी एकाच क्षणी पोचतील. या रीतीत एक सूक्ष्म सौंदर्य आहे. जाताना जलद असणारा पुढे निघून जातो आणि त्याची पाठ लहान होत दिसेनाशी होते. वळल्यानंतर मात्र मंद असणारा पुढे असतो, आणि जलद असणारा सबंध परतीच्या वाटेवर त्याच्या मागे, हळूहळू जवळ येत असतो. ज्याने जाताना फक्त पाठ पाहिली त्याला येताना मागून ओळखीची पावले ऐकू येतात, आणि जो जाताना पुढे होता त्याला येताना समोरच्या माणसाची चाल पाहता येते: डावा खांदा किंचित पडलेला, उजवी टाच बाहेर फेकली जाणारी, आणि पंचवीस वर्षांत समोरासमोर बसून कधी न दिसलेली. संसारातले मागे-पुढे होणे इतक्या न्याय्य पद्धतीने क्वचितच वाटले जाते.

मागे-पुढे होण्याचा क्रम नेहमी असाच राहतो, असेही नाही. मोठ्या मॅरेथॉन शर्यतींतील वेळांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, सुरुवातीच्या उत्साहात वेग वाढवून उत्तरार्धात ढेपाळण्याची प्रवृत्ती पुरुषांत सरासरीने अधिक आढळते, आणि स्त्रिया आपला वेग शेवटपर्यंत त्या मानाने अधिक समान राखतात. सकाळच्या रस्त्यावर याचे घरगुती रूप दिसते ते असे, की पहिल्या किलोमीटरला निघून गेलेले गृहस्थ चौथ्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभे असतात आणि त्यांची पत्नी त्याच एका चालीने त्यांना ओलांडून पुढे जाते. त्या वेळी ती काही बोलत नाही. ते मौन ज्याला ऐकू येते, त्याला पुढच्या रविवारी सावकाश सुटण्याची बुद्धी होते.

मराठीत ‘दमाने घे’ हा सल्ला संसाराच्या संदर्भात इतक्यांदा दिला जातो की, त्यातला ‘दम’ म्हणजे मुळात श्वास, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. श्वास या अर्थाचा दम फारसीतून मराठीत आला. संस्कृतात त्याच उच्चाराचा एक दम आहे, शमाच्या जोडीने येणारा, आणि त्याचा अर्थ इंद्रियांवरचा ताबा. वेदकालीन भाषेत आणखी एक दम आहे, त्याचा अर्थ घर, आणि ‘दंपती’ या शब्दाच्या पोटात तोच आहे. घराचा स्वामी असा त्या शब्दाचा एकवचनी अर्थ, आणि द्विवचनात पती व पत्नी, म्हणजे घराचे दोन स्वामी. हे तीन दम एकमेकांचे कोणी लागत नाहीत आणि त्यांना एका माळेत ओवणे भाषाशास्त्राला मान्य होणार नाही. तरीही पहाटे धावणाऱ्या जोडप्याला तिन्ही एकदम लागतात, हे नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

श्वासाचा विचार धावण्याच्या आधुनिक इतिहासातही मध्यवर्ती आहे. सामान्य, प्रौढ, शर्यतीशी संबंध नसलेल्या माणसांनी आरोग्यासाठी सावकाश धावावे ही कल्पना, जिला पुढे ‘जॉगिंग’ म्हटले गेले, न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाच्या प्रेरणेने रुजली आणि १९६२ मध्ये ऑकलंडला तिचा पहिला क्लब निघाला. अमेरिकेतील ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले असताना एका टेकडीवर सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकाराचे झटके पचवलेल्या गृहस्थाने त्यांना मागे टाकले. त्या खजील करणाऱ्या अनुभवातून त्यांनी ती चळवळ अमेरिकेत नेली आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. त्या संप्रदायाचा मुख्य नियम असा, की धावताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. आजही डॉक्टर आणि प्रशिक्षक हाच ‘बोलण्याचा निकष’ सांगतात, कारण घड्याळाशिवाय हृदयाची स्थिती ओळखण्याचे ते सर्वांत सोपे साधन आहे. १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने आपल्या आईसाठी आखलेली नऊ आठवड्यांची ‘काउच टू फाइव्ह के’ ही योजनाही याच तत्त्वावर आहे: पहिल्या आठवड्यात साठ सेकंद धावायचे, नव्वद सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे, आणि तेही आठवड्यातून तीनच दिवस. पन्नाशीतल्या जोडप्याने सुरुवात करताना याहून अधिक शूर होण्याचे कारण नाही.

परंतु हा बोलण्याचा निकष लग्नाला तीस वर्षे झालेल्या जोडप्याला लावायचा, तर एक अडचण उभी राहते, आणि ती श्वासाची नसते. बोलता येत आहे की नाही हे तपासण्यासाठी काही बोलावे लागते, आणि दीर्घ सहवासात बोलणे हळूहळू निरोपांपुरते उरलेले असते: गॅस संपत आला आहे, सोसायटीचा मेन्टेनन्स भरायचा आहे, मुलीचा फोन येऊन गेला. धावताना हे निरोपही आखडतात, कारण वाक्य लांबवायला श्वास पुरत नाही. ‘अहो, जरा हळू धावता का’ यातले ‘अहो’ प्रथम गळते, मग ‘जरा’ जाते, आणि शेवटी ‘हळू’ एवढेच उरते, जे विनंती, आज्ञा आणि वस्तुस्थिती यांपैकी काहीही असू शकते. काही आठवड्यांनी दम वाढतो, तशी वाक्येही वाढू लागतात. समोर पाहून धावणाऱ्या दोन माणसांना एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सक्ती नसते, मध्ये दूरदर्शन संच नसतो, आणि बोलणे अवघड वळणावर आले तर वेग वाढवून गप्प होण्याची मुभा असते. त्यामुळे कित्येक जुने विषय, म्हणजे न घेतलेले घर, आईच्या आजारपणात कोणी किती केले याचा हिशेब, नोकरी सोडण्याचा कोणाचा तरी निर्णय, या वाटेवर निघतात. ते सुटतातच असे नाही. मात्र जेवणाच्या टेबलावर ते निघालेच नसते.

हे सर्व घडण्यासाठी पहाटेची चाळीस मिनिटे दोघांनाही मोकळी हवीत, आणि सर्वांत खडतर चढ येथे आहे. माणसे दिवसाचे चोवीस तास कोणत्या कामात घालवतात याची मोजदाद करणारे वेळ-वापर सर्वेक्षण भारतात २०१९ मध्ये देशभर झाले. त्यात असे आढळले की, घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशी कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्क्यांच्या आसपास असताना पुरुषांचे जेमतेम २६ टक्के होते. पतीने सकाळी धावायला जाणे म्हणजे बूट घालून बाहेर पडणे. पत्नीने धावायला जाणे म्हणजे रात्रीच भाजी चिरून ठेवणे, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवणे, नळाला पाणी येण्याची वेळ सांभाळणे, सासूबाईंच्या चहाची सोय लावणे आणि परत आल्याबरोबर न टेकता ओट्यापाशी उभे राहणे. धावपळ हा शब्द तिच्या दिनक्रमात धावण्याच्या आधीपासूनच आहे. अनेक घरांत पती वर्षानुवर्षे एकटा धावत आला आहे आणि पत्नी शर्यतीच्या अंतिम रेषेपाशी त्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि मोबाइल सांभाळत उभी राहिली आहे. त्या घराने जोडीने धावायचे ठरवल्यावर पहिला बदल रस्त्यावर व्हायला हवा की स्वयंपाकघरात, याचे उत्तर अवघड नाही. परतल्यावर चहाचे आधण कोण ठेवतो, यावरून ते जोडपे खरोखर जोडीने धावत आहे की नाही, हे घड्याळापेक्षा अचूक समजते.

लोकांच्या नजरेचाही एक वारा असतो आणि तो बहुधा समोरून येतो. पन्नाशीच्या स्त्रीने रस्त्यावर धावणे हे अजूनही तालुक्याच्या गावात वळून पाहण्याजोगे दृश्य आहे. सुरुवातीला पंजाबी ड्रेसवर ओढणी गाठ मारून बांधली जाते, मग ओढणी जाते, पुढे ट्रॅक पँट आणि शर्यतीत मिळालेला टी-शर्ट येतो. काचेच्या बांगड्यांची जागा घड्याळ घेते, आणि पावलागणिक हनुवटीवर आपटणारे मंगळसूत्र आधी टी-शर्टच्या आत, मग सेफ्टी पिनेने आतल्या बाजूला आणि अखेरीस घरातल्या खुंटीवर जाते. यातला प्रत्येक टप्पा घरातल्या घरात एकेका वाक्याने ठरलेला असतो, आणि ते वाक्य पतीने उच्चारले की सासूने, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रौढ माणसांनी चारचौघांत धावणे महाराष्ट्राला नवे नाही, हे मात्र अशा वेळी सांगायला हवे. आषाढी वारीत सदाशिवनगरला किंवा बेलवाडीला जे गोल रिंगण होते, त्यात अश्वांच्या दौडीआधी पताकाधारी धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया धावतात, वीणेकरी आणि टाळकरी धावतात. आणि वेळापूरजवळ, तुकोबांना जेथून पंढरीच्या कळसाचे दर्शन झाले अशी श्रद्धा आहे, तेथे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबरचे वारकरी उतारावरून धावत सुटतात, त्यालाच ‘धावा’ म्हणतात. यांतल्या कितीतरी स्त्री-पुरुषांनी साठी ओलांडलेली असते, कितीतरी जण जोडीने वारीला आलेले असतात, आणि एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांच्या बरोबर बसण्याचा मान दर्शनरांगेतल्या अशाच एका वारकरी दांपत्याला मिळतो. रिंगणात पती पताका घेऊन एका फेरीत आणि पत्नी तुळस घेऊन दुसऱ्या फेरीत धावते, म्हणजे तेथेही ती शेजारी शेजारी नसतात. त्या धावण्याला कोणी हसत नाही, कारण त्याचे कारण सर्वांना ठाऊक असते.

कारण ठाऊक झाल्यावर बारामतीही हसली नाही. लता भगवान करे या साठी उलटलेल्या शेतमजूर स्त्रीने २०१३ साली तेथील शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी भाग घेतला आणि ती जिंकली, कारण आजारी पतीच्या तपासण्यांसाठी तिला बक्षिसाचे पैसे हवे होते. तिच्यावर पुढे तिच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला, त्यात तिने स्वतःची भूमिका स्वतः केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. या कथेकडे बहुधा त्यागाची कथा म्हणून पाहिले जाते आणि ते चुकीचे नाही. परंतु वृद्ध पत्नीला धावण्यासाठी पतीच्या आजाराचे कारण लागावे आणि त्याखेरीज तिच्या पायांतला तो वेग कोणाला कधी कळूच नये, यात समाजाची पाठ थोपटण्यासारखे फारसे काही नाही.

दुसऱ्या टोकाला एमिल आणि डाना झाटोपेक हे चेकोस्लोव्हाकियातील दांपत्य आहे. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १९ सप्टेंबर १९२२ चा, आणि विवाह १९४८ चा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एमिलने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि ज्या दिवशी त्याने पाच हजार मीटरचे सुवर्ण मिळवले त्याच दिवशी डानाने भालाफेकीचे. तिच्या यशाचे थोडे श्रेय त्याने गमतीने आपल्या विजयाकडे घेतल्यावर, दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन पाहा आणि ती पन्नास मीटर भाला फेकते का ते सांग, असे तिने सुनावल्याची कथा प्रसिद्ध आहे. एमिल सरावासाठी डानाला पाठीवर घेऊन धावत असे, असेही सांगतात. (फिनलंडमधील सोनकायार्वी या गावी १९९२ पासून बायकोला खांद्यावर घेऊन २५३.५ मीटर धावण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि विजेत्याला तिच्या वजनाइतकी बिअर मिळते. बायको स्वतःचीच असावी, असा तिथे नियम नाही.) या दोघांचा संसार वेगवेगळ्या मैदानी प्रकारांवर उभा होता, ही त्यांच्याविषयीची सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

गुडघ्यांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण जोडीने धावण्याचा विषय निघताच नातेवाइकांकडून पहिला आक्षेप तोच येतो. छंद म्हणून धावणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांधेझिजेचे प्रमाण बैठी जीवनशैली असणाऱ्यांपेक्षा कमी आढळते, असा निष्कर्ष अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१७ मध्ये मांडला गेला. स्पर्धात्मक पातळीवर अतिशय धावणाऱ्यांत मात्र ते वाढलेले दिसले. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात, आणि शरीराचा भार हाडांवर घेणारा व्यायाम ती झीज रोखायला मदत करतो. सुरुवातीपूर्वी दोघांनीही हृदयाची तपासणी करून घ्यावी. ती पत्नीचीही करावी, कारण घरात पन्नाशीच्या पुरुषाचा ईसीजी निघतो आणि स्त्रीच्या धापेला ‘वजन वाढलंय’ एवढेच निदान मिळते.

यानंतर एखाद्या वर्षी दोघे शर्यतीला नाव घालतात. १९८३ पासूनची पुण्याची मॅरेथॉन, २००४ पासूनची मुंबईची आणि २०१२ पासून यवतेश्वराचा घाट चढायला लावणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन यांच्या पाठोपाठ आता जिल्ह्याजिल्ह्यांत शर्यती होतात आणि बहुतेक ठिकाणी पाच-दहा किलोमीटरांचेही गट असतात. आदल्या रात्री दोघे पलंगावर टी-शर्ट पसरून एकमेकांचा ‘बिब’, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, चार पिनांनी सरळ लावून देतात. हाताला हात लागतो तो एवढाच. बिब वेगळा, त्यामागची वेळ मोजणारी चिप वेगळी. निकालाच्या याद्या स्त्री आणि पुरुष अशा स्वतंत्र आणि त्यातही वयोगटांनुसार लागतात, त्यामुळे पती-पत्नी सहसा एका यादीत येत नाहीत आणि त्यांच्यात जिंकण्या-हरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सुरुवातीच्या गर्दीत पहिल्या पाचशे मीटरांतच चुकामूक होते. शर्यत संपल्यावर कोणत्या झाडाखाली किंवा कोणत्या पाण्याच्या टेबलापाशी भेटायचे, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे, कारण धावताना फोन बहुधा एकाकडेच असतो.